आमची आजी की आपली आजी?

कॅलगरीत राहणाऱ्या एका वाचक ताई दिवाळी अंकासाठी एका ब्लॅकफूट आजींवरचा इंग्रजी मृत्युलेख मराठीत आणत आहेत. ब्लॅकफूट हे कॅनडातल्या आल्बर्टा प्रांतातले आणि सीमेपलीकडे अमेरिकेतल्या मॉंटाना राज्यातले आदिवासी लोक. आजी त्यांच्यातल्या कायनाई समाजाच्या. आयुष्य नातवंडे वाढवण्यात, सणसमारंभ सांभाळण्यात आणि पोरांना भाषा शिकवण्यात गेले. लेखात 'आवर एल्डर' आणि 'आवर ग्रँडमदर' हे शब्द ओळीआड येतात. ताईंचा प्रश्न असा: एल्डरला ज्येष्ठ म्हणू, वडीलधारी म्हणू की वृद्धा? आणि 'आवर' म्हणजे आमची की आपली? जोडीला 'बंडल', 'व्हाउ' आणि 'रेझिडेन्शियल स्कूल' हेही अडले आहेत.

'वृद्धा' आधी बाद करू. वृद्धा रस्ता ओलांडताना पडते, वृद्धेची सोनसाखळी पळवतात. हा बातमीतला शब्द आहे. 'ज्येष्ठ'च्या मागे लगेच 'नागरिक' उभा राहतो आणि बसच्या तिकिटातली सवलत आठवते. 'वडीलधारी' बरा आहे, पण तो बहुतेक अनेकवचनात आणि घरातल्या धाकासाठी वापरला जातो: वडीलधाऱ्या मंडळींसमोर असे बोलू नये, वगैरे. माझे उत्तर सरळ आहे. एल्डर म्हणजेही आजी, ग्रँडमदर म्हणजेही आजी. दोन्हीकडे 'आजी'च लिहा.

हे मी सोय म्हणून सांगत नाही. इंग्रजीतल्या त्या दोन शब्दांच्या मागे ब्लॅकफूटमधला एकच शब्द आहे. 'नाआह्सा' म्हणजे माझी आजी किंवा माझे आजोबा. 'काआह्सा' म्हणजे तुझी किंवा तुझे. सुरुवातीचा न किंवा क हाच तिथला 'माझा-तुझा'. नात्याचा शब्द कोणाचे नाते हे सांगितल्याशिवाय उभाच राहत नाही. मराठीत 'आजी' हा शब्द नुसता कोशात बसू शकतो, तिथे बसत नाही. आजी आणि आजोबा असा भेदही त्या शब्दात नाही. ब्लॅकफूट व्याकरणात नामांची वाटणी सजीव आणि निर्जीव अशी होते, पुल्लिंग-स्त्रीलिंग नाही. 'तो' आणि 'ती' हाही फरक नाही. मराठीत तुम्हाला लिंग ठरवावेच लागेल, त्याला इलाज नाही.

आता 'आवर'. हा प्रश्न मराठी माणसाने विचारला याचा मला विशेष आनंद झाला, कारण इंग्रजीने पुसलेली रेघ मराठीत अजून ठळक आहे. ऐकणाऱ्याला वगळून 'आम्ही', ऐकणाऱ्याला धरून 'आपण'. हिंदीत दोन्हीला 'हम'. गुजरातीत, तमिळमध्ये, तेलुगूत हा भेद आहे, आणि हजारो मैलांवरच्या ब्लॅकफूटमध्येही आहे. 'नाआह्सिन्नान' म्हणजे आमची आजी, तुमची नव्हे. 'काआह्सिन्नून' म्हणजे आपली, तुमचीआमची. ते लोक समाजातल्या जाणत्यांना, विधी आणि गाणी सांभाळणाऱ्यांना जे नाव देतात ते दुसऱ्या रूपाचे अनेकवचन आहे: 'काआह्सिन्नूनिक्सि'. शब्दशः, आपले आजीआजोबा. म्हणजे ज्याला सांगायचे त्यालाही त्या नात्यात ओढून घेऊन सांगितलेले. इंग्रजीत आल्यावर त्याचे 'एल्डर्स' झाले आणि नाते गळून वय तेवढे उरले.

(उच्चाराचे एक. देवनागरीत हे शब्द जितके ठाशीव दिसतात तितके ऐकू येत नाहीत. शब्दाच्या शेवटचा स्वर बरेचदा नुसता श्वासावर सोडतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो नाहीच असे वाटते.)

तेव्हा सून आपल्या सासूबद्दल घरच्या आठवणी सांगते तिथे 'आमच्या आजी'. समाज तिला एल्डर म्हणतो तिथे 'आपली आजी'. पण थांबा, मराठीतली 'आपली' भोळी नाही. 'आपल्या आजी गेल्याचे कळले' हे वाक्य सांत्वनाच्या पत्रात आले तर अर्थ होतो 'तुमच्या आजी'. 'तिने आपल्या आजीकडून मणीकाम शिकले' इथे आपल्या म्हणजे तिच्या स्वतःच्या. आणि 'मी आपली बसले कोपऱ्यात' यातल्या आपलीला तर काही अर्थच नाही, नुसता सूर आहे. म्हणून पहिल्यांदा जिथे येईल तिथे 'आपल्या सगळ्यांची आजी' असे लिहून टाका. एकदा वाचकाच्या कानात बसले की पुढे 'आपली आजी' चालेल.

क्रियापद कुठले, हेही याच ओघात ठरते. 'आजी गेली' की 'आजी गेल्या'? मराठी घरात स्वतःच्या आजीला बहुधा अगंतुगंच असते. आदरार्थी बहुवचन दुसऱ्याच्या आजीला. मी असतो तर नातवंडांच्या तोंडी 'आजी म्हणायची' ठेवले असते आणि निवेदकाच्या तोंडी 'आजी म्हणायच्या'. 'आजीबाई' मात्र टाळा. त्यात एक खोडी आहे, आणि लगेच बटवा आठवतो.

बटव्यावरून बंडल, म्हणजे विधींसाठीच्या पवित्र वस्तूंची बांधलेली पुडी. ताईंनी पहिल्या खर्ड्यात 'औषधी गाठोडे' लिहिले आहे. तसे नको. इंग्रजीत 'मेडिसिन बंडल' म्हणतात खरे, पण त्यात काढ्याची मुळे नसतात. बीव्हर बंडलमध्ये पशुपक्ष्यांची कातडी असतात आणि त्या प्रत्येकाचे गाणे असते. मेघगर्जनेच्या पाइपचे (विधीत ओढायच्या चिलमीचे) बंडल वसंतात पहिल्यांदा ढग गडगडले की उघडतात. ते कोणी विकत घेत नाही, वारशानेही आपोआप येत नाही. विधी करून, देणेघेणे करून, गाण्यांसकट एकाकडून दुसऱ्याकडे सोपवले जाते. आणि ज्याने सांभाळून पुढे सोपवले त्याला त्या नात्याने आजा किंवा आजी मानतात. इथे वयाचा हिशेब दुय्यम आहे. 'एल्डर'ला वयाचा शब्द का नको, याचे हे दुसरे कारण.

मराठीत याला जवळचा शब्द मला 'बासन' वाटतो. पोथी ज्या कापडात बांधून ठेवतात ते बासन. सोडायचे तेही हातपाय धुऊन. पावित्र्य, बांधणे-सोडणे, आत काय आहे ते सांभाळणे, सगळे त्या शब्दात आहे. अडचण एकच: 'बासनात गुंडाळणे'. सरकारी अहवालांनी त्या शब्दाची रया घालवली आहे. त्यामुळे 'बासन सोडले', 'बासन सोपवले', 'बासन सांभाळले' ही क्रियापदे वापरा. 'गुंडाळले' एकदाही येऊ देऊ नका. लेखातल्या 'कीपर'ला 'मालकीण' करू नका. 'बासन सांभाळणारी' म्हणा.

लेखात एक बंडल 'घरी परत आले' असे वाक्य आहे. त्याला एका ओळीची जोड द्या, नाहीतर वाचकाला वाटेल चोरीला गेले होते. पिढ्यान्‌पिढ्यांची ही बासने विसाव्या शतकात संग्रहालयांत आणि संग्राहकांकडे गेली. विधींवर बंदी, घरात उपासमार, आणि घ्यायला तरुण कोणी नाही, अशा दिवसांत गेली. 2000 साली आल्बर्टा प्रांताने पवित्र वस्तू परत करण्याचा कायदा केला आणि कॅलगरीच्या ग्लेनबो संग्रहालयाने 251 वस्तू ब्लॅकफूट समाजांना परत दिल्या. आजींच्या आयुष्यातली ती परतीची घटना या कायद्याशी जोडली की वाक्य उजळेल.

'व्हाउ'ला तुम्ही 'शपथ' लिहिले आहे. शपथ न्यायालयात घेतात. हा नवस आहे, अगदी आपल्याकडच्यासारखा: घरातले माणूस आजारी पडते, बाई सूर्याला बोलते की हा उठला तर मी ओकान उभारीन. ओकान म्हणजे इंग्रजीतला सन डान्स. 'सूर्यनृत्य' म्हटले की मराठी वाचकाला पिसे लावून नाचणारे पुरुष दिसतात. ब्लॅकफूटांच्या ओकानात मध्यवर्ती जागा त्या नवस बोललेल्या बाईची असते. ती उपास धरते, तिच्या डोक्यावर 'नातोआस' नावाचा शिरोभूषणाचा मान असतो, आणि तिच्याशिवाय ओकान होत नाही. म्हणून 'तिने ओकानचा नवस फेडला' हे वाक्य मराठीत जसेच्या तसे बसते. कॅनडाने 1895 साली इंडियन ॲक्टमध्ये, म्हणजे आदिवासींसाठीच्या कायद्यात, दुरुस्ती करून अशा समारंभांवर बंदी घातली. ती 1951 साली कायद्यातून गेली. आजींच्या आईच्या पिढीने हा नवस चोरून बोलला, हे वाचकाला ठाऊक असलेले बरे.

जाता जाता: त्यांच्या कथांत चंद्र ही बाई आहे, सूर्याची बायको आणि पहाटताऱ्याची आई. अंगाईच्या ओळीत 'चांदोमामा' घालण्याचा मोह झाला असेल तर आवरा.

'रेझिडेन्शियल स्कूल' हा या लेखातला सगळ्यात फसवा शब्द आहे. 'निवासी शाळा' हे भाषांतर बिनचूक आहे आणि म्हणूनच घातक. निवासी शाळा म्हटले की आपल्याला पाचगणी दिसते, टाय लावलेली मुले आणि भरमसाट फी दिसते. कॅनडातल्या या शाळा सरकारच्या पैशाने चर्चसंस्था चालवत. 1920 पासून मुलांना पाठवणे सक्तीचे होते. तिथे घरची भाषा बोलले की शिक्षा होई. 2008 साली पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. या शाळांच्या चौकशीसाठी नेमलेल्या सत्य आणि सलोखा आयोगाचा अंतिम अहवाल 2015 साली आला. मी 'सक्तीची निवासी शाळा' असे लिहीन, दरवेळी, कंटाळा न करता. मॉंटानातले भाऊबंद याच अर्थी 'बोर्डिंग स्कूल' म्हणतात. तिथेही 'वसतिगृह' लिहू नका.

याच शाळांमुळे आजी या नात्यावर एवढे ओझे पडले. मधल्या पिढीची जीभ तोडली गेली. ज्यांची वाचली त्या आजीआजोबांकडून भाषा थेट नातवंडांकडे गेली, आईबापांना वळसा घालून. मॉंटानात ब्राउनिंगला 1987 साली ब्लॅकफूट भाषा जगवण्यासाठी पीगन इन्स्टिट्यूट निघाली आणि 1995 साली तिने लहान मुलांसाठी सबकुछ ब्लॅकफूटमधून चालणारी शाळा काढली. तिचा आधार असलेच म्हातारे बोलणारे होते. कायनाईंकडे तर जुन्या सेंट मेरीज सक्तीच्या शाळेच्याच इमारतीत पुढे रेड क्रो कॉलेज भरू लागले. ती इमारत 2015 साली जळाली. जिथे बोलल्याबद्दल मार खाल्ला त्याच भिंतींत ती भाषा शिकवायची वेळ एका पिढीवर आली. तुमच्या आजी त्यांतल्या असतील तर 'शिकवले' एवढ्यावर भागवू नका, इमारतीचे नाव घाला.

'मिनिपोका' हा शब्द तुम्ही गाळलात. परत घाला. आजीआजोबांनी जवळ ठेवून, लाडाने आणि जाणीवपूर्वक वाढवलेले मूल ते मिनिपोका. 'लाडका' लिहून एका ओळीत सोडवता येईल, पण 'लाडका नातू' शेंडेफळ असतो, त्याच्यावर जबाबदारी नसते. मिनिपोकाला मात्र आजीच्या मांडीवरून पुष्कळ काही पुढे न्यायचे असते. शब्द तसाच ठेवून शेजारी 'आजीने वाढवलेला' म्हटले की पुरे.

मागे राहिलेल्यांच्या यादीत पोटच्यांइतकीच, 'आमच्या रीतीने' आपलीशी केलेली मुले आहेत. 'दत्तक' नको, त्याला कोर्टाचा शिक्का लागतो. 'मानलेली लेक', 'मानलेला मुलगा' हे चपखल आहे. वर्तमानपत्री 'त्यांच्या पश्चात मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे' यात ती यादी कोंबू नका. नावे लांबलचक असली तरी सगळी येऊ द्या. त्या समाजात मृत्युलेख ही नात्यांची नोंदवही असते.

राहिली नावे. ब्लॅकफूटला 'कृष्णपाद' करण्याची सूचना तुम्हाला कोणीतरी केली आहे; त्या गृहस्थांना माझा नमस्कार सांगा आणि सूचना विसरा. सिक्सिका म्हणजे काळे पाय हे खरे. वणव्याच्या राखेने पायातली मोकासिन (मऊ कातड्याची पादत्राणे) काळी झाली अशी हकीकत सांगतात. पण सिक्सिका हा एक समाज आहे. कायनाई (म्हणजे पुष्कळ नायक, इंग्रजीत ब्लड), पीकानी आणि मॉंटानातले आम्स्कापी पीकानी हे त्यांचे भाऊबंद. सीमेच्या दक्षिणेला सरकारी नाव 'ब्लॅकफीट' आहे, उत्तरेला 'ब्लॅकफूट'. सगळे मिळून स्वतःला 'नीत्सितापी' म्हणतात, खरी माणसे. 'ब्लड ट्राइब'ची 'रक्त टोळी' तर मुळीच नको. टोळी म्हटली की मागे पोलीस आलेच. 'जमात' चालेल, पण 1877 च्या सातव्या तहावर त्यांच्या नायकांनी राणीच्या प्रतिनिधींसमोर खुणा केल्या त्या एका राष्ट्राच्या नात्याने, असे ते मानतात. म्हणून 'कायनाई राष्ट्र' लिहायला कचरू नका. 'मूलनिवासी' या शब्दाला महाराष्ट्रात स्वतःचे राजकारण आहे, तो इथे आणला तर वाचक दुसऱ्याच वादात शिरेल. 'आदिवासी' अधिक जवळचा, आणि 'रेड इंडियन' आपल्या पाठ्यपुस्तकांतून हद्दपार व्हायला हवा होता, झाला नसेल तर तुमच्या लेखातून तरी करा.