क्लायंटने कोड चोरू नये म्हणून पायथॉन पॅकेजमधून सोर्स (आपण लिहिलेल्या पीवाय फाइल) काढून नुसत्या पीवायसी (पायथॉनने त्यांच्यापासून कंपाइल केलेल्या) फाइल द्याव्यात का?

नको. सोर्स द्या.

"सोर्स दिला म्हणजे तिजोरीची किल्ली दिली," असं आमचे जुने सर म्हणायचे. एका साखर कारखान्याला आम्ही वजनकाट्याचं सॉफ्टवेअर दिलं होतं. पीवायच्या पीवायसी बनवणारं कंपाइलऑल मारायचं, पीवाय फाइल उडवायच्या, उरलेलं झिप करून पाठवायचं. पायथॉन ३.६.

गळीत हंगामाच्या तोंडावर त्यांच्या माणसाने सर्व्हर उबुंटू १८.०४ वरून २०.०४ वर नेला. तिथे पायथॉन ३.८. पहिल्याच रात्री ट्रॅक्टर काट्यावर चढला आणि स्क्रीनवर 'बॅड मॅजिक नंबर'. पीवायसीच्या सुरुवातीलाच आवृत्तीचा शिक्का असतो: ३.६ चा ३३७९, ३.८ चा ३४१३. जुळला नाही की इम्पोर्ट तिथेच बंद. सोर्स असता तर पायथॉनने गुपचूप नव्याने कंपाइल करून घेतलं असतं. इथे काट्यावरची पोरं हाताने पावत्या फाडतायत, ट्रॉल्यांची रांग रस्त्यापर्यंत, आणि फोनवर मला विचारतायत, "साहेब, हा नंबर टाकायचा कुठे?"

बरं, त्यांच्याकडे गेलेला नेमका कोड आमच्या गिटमध्ये, म्हणजे कोडचे बदल नोंदवून ठेवतो तिथे, नव्हता. शेवटचा बदल सरांनी तिथेच बसून स्वतःच्या लॅपटॉपवर केलेला, आणि तो लॅपटॉप कधीच फॉरमॅट झालेला. रात्री दीड वाजता मी आमचाच कोड अनकंपाइल६ने, म्हणजे पीवायसीतून सोर्स परत काढणाऱ्या टूलने, उघडला. फंक्शनची नावं, व्हेरिएबल, डॉकस्ट्रिंग (फंक्शनचं वर्णन), सगळं जिथल्या तिथे. गेल्या फक्त कमेंट, म्हणजे रिकाम्या ट्रॉलीचं वजन तिथेच का वजा केलंय, ते सांगणाऱ्या चार ओळी. सरांच्या फोल्डरचं नावही आत होतं: 'चिकट_पार्टी'. एरर आली की ट्रेसबॅकमध्ये (एरर कुठे आली ते दाखवणाऱ्या यादीत) तेच छापलं जायचं, कारखान्याच्याच स्क्रीनवर, दोन हंगाम.

सकाळी सरांना दाखवलं. म्हणाले, "तुला जमलं, त्यांना थोडंच जमणार आहे!"

तर, व्हील (पायथॉनचं तयार पॅकेज) द्या, आत पीवाय ठेवा. बाइटकोड, म्हणजे पीवायसीतला कोड, पायथॉनचं पॅकेज बसवणारा पिप बसवतानाच बनवतो. डेबियन लिनक्सही पॅकेज बसवताना तेच करतं. चोरीची भीती करारात लिहा. हां, इंटरप्रिटरसकट (कोड चालवणाऱ्या पायथॉनसकट) सगळं एकत्र बांधलेला कंटेनर देणार असाल तर पीवायसी चालेल, आवृत्ती तुमच्याच हातात राहते. वेगासाठी म्हणाल, तर वाचतो तो फक्त लोड व्हायचा वेळ. आणि जावावाल्यांनी इथे जार फाइली नाचवू नयेत. जारमधल्या जुन्या क्लास फाइल (जावाचा कंपाइल केलेला कोड) नवा जेव्हीएम, म्हणजे जावा चालवणारा प्रोग्राम, चालवतो. पायथॉनने तसा शब्द कधी दिलेलाच नाही.