स्काऊट पथक टिकवायचं असेल तर हिशेबाची वही पोरांच्या हाती द्या

प्रश्न असा आहे: "अनुदानित शाळेत नुकताच लागलोय. मुख्याध्यापकांनी स्काऊटचं पथक माझ्याकडे सोपवलंय. पथक चालवायला काय काय लागतं, आणि पोरं वर्षभर टिकवायची कशी?"

पहिल्या भागाचं उत्तर पटकन देऊन टाकतो. स्काऊटच्या जिल्हा कार्यालयात जाऊन पथकाची नोंदणी करा, ती दरवर्षी करावी लागते. स्वतःचा बेसिक कोर्स करून घ्या, सात दिवसांचा असतो. तो न करता पथक घेऊन बसलेले कितीतरी मास्तर मी पाहिलेत, त्यांच्या पोरांना क्लोव्ह हिचची साधी गाठसुद्धा धड येत नाही. पुढे अ‍ॅडव्हान्स कोर्स, आणि खरंच रमलात तर हिमालय वुड बॅज, हा स्काऊटमास्तरांच्या प्रशिक्षणाचा त्यापुढचा टप्पा. स्काऊट दहा ते सतरा वर्षांचा, त्याहून लहान तो कब. सहा ते आठ पोरांचा एक संघ, असे तीन किंवा चार संघ. बत्तीसच्या वर जाऊ नका, शाळा कितीही मागे लागली तरी. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, मग राज्य पुरस्कार, या पोरांनी चढायच्या पायऱ्या, हे सगळं पुस्तकात दिलेलं आहे.

मी लिहायला बसलोय ते दुसऱ्या भागासाठी. नोकरीच्या चौतीस वर्षांपैकी सव्वीस वर्षं मी पथक चालवलं, आणि मधे एकदा माझ्याच हातानं ते मोडलं. कसं मोडलं ते सांगतो, त्यातून टिकवायचं कसं ते तुम्हाला कळेल.

आमचं गाव अमरावती जिल्ह्यातलं, परतवाड्याच्या अलीकडचं. चहूकडे संत्र्याच्या बागा, वर चिखलदऱ्याचा घाट. १९९७ च्या सप्टेंबरमध्ये मी चोवीस पोरं घेऊन चिखलदऱ्याला शिबिराला गेलो होतो. तीन संघ होते, वाघ, गरुड आणि मोर. दुसऱ्या रात्री असा पाऊस झाला की तिन्ही तंबू गळायला लागले. पोरं अंथरुणाच्या वळकट्या मांडीवर घेऊन पहाटेपर्यंत बसून होती. परत आल्यावर पहिल्याच मानसभेत पोरांनी ठरवलं की यंदाच्या खऱ्या कमाईतून, म्हणजे पथकासाठी स्वतः काम करून मिळवलेल्या पैशातून, मोठी ताडपत्री घ्यायची.

मानसभा म्हणजे कोर्ट ऑफ ऑनर. तिन्ही संघनायक बसतात, निर्णय घेतात, स्काऊटमास्तर बाजूला बसून सल्ला देतो. त्याला मत नसतं. हे तुमच्या कोर्समध्ये शिकवतील आणि शाळेत आल्यावर कुणीच पाळत नाही.

खऱ्या कमाईचं काय करायचं यावर मी तीन कामं सुचवली. वाघ संघानं आठवडी बाजाराच्या दिवशी सायकली धुवायच्या, दोन रुपयांना एक. गरुडनं एका ओळखीच्या कास्तकाराच्या बागेत संत्री लहान-मोठी निवडून द्यायची. आणि मोर संघानं एस.टी. स्टँडवर बूट पॉलिश करायचं. पॉलिशची कल्पना मला फार आवडली होती. कोणतंही काम हलकं नसतं, हे पोरांना अंगानं कळेल असं वाटलं होतं.

मोरचा संघनायक आठवीतला, कमी बोलणारा. तो म्हणाला, "सर, पॉलिशचं नका ठेवू."

"का रे?"

"नाई सर. दुसरं काई ठेवा."

मी आणखी विचारणार होतो. तेवढ्यात गरुडचा संघनायक म्हणाला, "सर, मोरवाले किराणा दुकानात कागदाच्या पुड्या बनवून देतील, आमचा काका घेते." विषय तिथंच संपला. संध्याकाळी घरी जाताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मोर संघात एक पोरगा होता, त्याचे आजोबा त्याच स्टँडवर पिंपळाखाली चपला शिवायला बसत. त्या पोराला मी त्याच्याच आजोबांच्या शेजारी नेऊन बसवणार होतो, संघातल्या बाकीच्या सातजणांच्या देखत. त्याच्या संघनायकाला हे कळलं, मला कळलं नव्हतं. आणि त्यानं त्या पोराचं नावही घेतलं नाही.

स्काऊट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलनं १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं, तेव्हा जेमतेम वीसेक पोरं होती, चार संघात वाटलेली. मोठ्या निवासी शाळांतली श्रीमंतांची पोरं आणि गावातली कामकऱ्यांची पोरं त्यानं मुद्दाम एका तंबूत ठेवली. ती एकत्र राहू शकली, कारण संघाची लहानसहान कामं त्यांचा नायक बघत होता, मोठा माणूस नव्हे. मोरच्या त्या संघनायकानं मला हे पुस्तकाहून चांगलं शिकवलं. संघनायक हुशारीच्या क्रमानं नेमू नका. पहिल्या नंबरचा पोरगा आपल्या अभ्यासाचं बघतो. आपल्या सातजणांचं बघणारा शोधा, तो बहुतेक वेळा मधल्या बाकावर सापडतो.

तर कमाई झाली. तीन बाजारांत चौऱ्याण्णव सायकली. रॉकेलच्या बोळ्यानं चेन पुसायची, मग आऱ्यांमधून फडकं फिरवायचं, शेवटी सीटखालचा चिखल काडीनं खरवडायचा. पोरांची नखं आठवडाभर काळी होती. त्याचे १८८ रुपये. बागेत दोन रविवार, आठ पोरं, दिवसाला बारा रुपये, म्हणजे १९२. आणि मोर संघानं सव्वीसशे पुड्या चिकटवल्या, शेकडा चार रुपये, १०४. एकूण ४८४. मोरच्या संघनायकाकडे शंभर पानी वही होती, त्यात प्रत्येक सायकलीपुढे मालकाचं नाव आणि त्या पोराची सही. स्काऊटच्या नऊ नियमांतला आठवा काटकसरीचा. तो पाठ करून घेण्यापेक्षा अशी वही एकदा लिहून घ्या.

आता दुखरी गोष्ट. जानेवारीत स्नेहसंमेलन होतं. मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं की पाहुण्यांच्या शाल-श्रीफळाला पैसे कमी पडताहेत, स्काऊटचे आहेत ते द्या. मी म्हणालो, ते पोरांचे आहेत, त्यांनी ताडपत्रीसाठी ठेवलेत. ते म्हणाले, "शाळेच्या गणवेशात, शाळेच्या नावावर कमावले ना? मग शाळेचेच." मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही. वरिष्ठ वेतनश्रेणीची माझी फाइल त्यांच्याच टेबलावर होती, हे खरं कारण. मी मोरच्या संघनायकाकडून पैसे घेतले. त्यानं वहीत लिहिलं: "शाळेत जमा, ४८४. सरांनी सांगितले." खाली माझी सही घेतली.

संमेलनाला पथक दारात स्वागताला दोन रांगांत उभं होतं. मोरचा संघनायक स्टेजच्या पायरीपाशी. पाहुण्यांच्या खांद्यावर शाल पडली तेव्हा त्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, नुसतं बघितलं. पुढच्या शुक्रवारी सभेला नऊ पोरं आली. मार्चपर्यंत पाच.

उन्हाळ्यात मी स्वतःच्या पैशानं परतवाड्यातून ताडपत्री आणली. शाळा उघडल्यावर त्या पोराला बोलावून दाखवली. त्यानं कोपरा हातात घेऊन शिवण बघितली, कड्या मोजल्या, आणि म्हणाला, "चांगली हाय सर. पण ही तुमची हाय." तो परत आला नाही. दहावी करून अमरावतीला गेला.

त्या मुख्याध्यापकांशी माझा वाद अजून चालू आहे. निवृत्त होऊन त्यांना कित्येक वर्षं झाली, तरी लग्नाकार्यात भेटले की ते म्हणतात, "चारशे रुपयांवरून मास्तर अजून फुगलेत." मी दरवेळी तेच सांगतो. प्रश्न चारशेचा नव्हताच. चोवीस पोरांनी एक निर्णय घेतला, त्यासाठी नखं काळी केली, आणि मोठ्यांनी तो एका वाक्यात पुसला. पोरगं पथकात झेंडागीतासाठी येत नाही, गाठींसाठीही येत नाही. गावात एवढी एकच जागा आहे जिथं त्याचं म्हणणं चालतं, म्हणून येतं. ती जागा गेली की त्याला शुक्रवारी क्रिकेट आहे. तुम्ही विचारलंत ना, पोरं टिकवायची कशी? त्यांचं ठरलेलं मोडू नका, आणि कुणी मोडायला आला तर मधे उभे राहा. मी उभा राहिलो नाही, म्हणून सांगतोय.

नवे मुख्याध्यापक आले तेव्हा, जून १९९९ मध्ये, मी पुन्हा सुरुवात केली, पाचवीच्या फक्त सहा पोरांवर. एक संघ, एक नायक, दर शुक्रवारी शेवटचा तास आणि शाळा सुटल्यावर अर्धा तास. या वेळी खरी कमाई सुरू करण्याआधी मुख्याध्यापकांकडून सहीशिक्क्याचं पत्र घेतलं की पथकाचा पैसा मानसभेच्या ठरावानेच खर्च होईल. त्यांनी हसत सही केली. डब्याची किल्ली नायकाकडे. पुन्हा चोवीसवर यायला तीन वर्षं लागली. घाई केली असती तर आली असती तीसही, पण ती यादीतली पोरं झाली असती.

आता हल्लीच्या खऱ्या कमाईबद्दल. शाळेच्या मैदानात स्टॉल लावायचे, आईनं रात्री जागून भेळ आणि ढोकळा करून द्यायचा, मावशीनं येऊन विकत घ्यायचा, आणि फोटो काढून वर्तमानपत्रात द्यायचा. ही खरी कमाई नव्हे. ही आईची कमाई. आमच्या तालुक्यातल्या एका शाळेतल्या मॅडमशी माझं यावरून बरंच वाजलं होतं. त्यांचं म्हणणं, पोरांना व्यवहारज्ञान येतं. येत असेल. पण मग कांदा पोरानंच चिरू दे, शेव पोरानंच उधारीवर आणू दे, आणि उरलेल्या ओल्या भेळीचं काय करायचं तेही त्यालाच ठरवू दे.

तीच गोष्ट स्वागताची. मंत्री आले, स्काऊट उभे करा. उद्‌घाटन आहे, स्काऊटला पाणी वाटायला लावा. उन्हात दोन तास पोरं उभी करून काय शिकवतो आपण? त्यापेक्षा आमच्याकडच्या बहिरमसारख्या यात्रेत घेऊन जा. आमची पोरं तिथं हरवलेली लेकरं सांभाळायची, लाउडस्पीकरवर नाव सांगायची, आई येईपर्यंत लेकराला रेवडी देऊन बसवायची. एकदा एका संघानं चार वर्षांची मुलगी तीन तास सांभाळली. ती घरचं नाव सांगेना, नुसतं "बंडी", म्हणजे बैलगाडी, एवढंच म्हणे. शेवटी पोरांनी डोकं चालवलं आणि तिला बैलबंड्या सोडल्या होत्या त्या वावरात हातानं धरून फिरवलं. तिनं स्वतःच आपला बैल ओळखला.

माझे स्वतःचे स्काऊटमास्तर न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांचं नाव फार घ्यायचे. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश, पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि स्काऊटचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. एवढ्या मोठ्या माणसाला पोरांसाठी वेळ होता. म्हणून "शुक्रवारी वेळच मिळत नाही" असं कुणी म्हणालं की मला ते पटत नाही.

काही गोष्टी राहिल्या. सायकली धुणं, बागेतलं काम हे सगळं १९९७ चं. आज पोरांना काहीही काम द्यायच्या आधी पालकांची लेखी परवानगी घ्या. यंत्राजवळ, रस्त्यावर, फवारणी केलेल्या बागेत अजिबात नेऊ नका. शिबिराला एकटे जाऊ नका, दुसरा मोठा माणूस सोबत हवाच. मुलींसाठी गाइडची वेगळी कंपनी, म्हणजे पथक, असते आणि तिला कॅप्टन बाईच लागते. शाळेत कुणी तयार असेल तर दोन्ही एकदम सुरू करा, खऱ्या कमाईत मुलींचा हिशेब मुलांपेक्षा चोख असतो हा माझा अनुभव आहे. आणि सगळेच मुख्याध्यापक आमच्यासारखे नसतात, तुमचे चांगलेही असतील. पत्र तरी घ्याच.

पालक पहिल्या सभेत विचारतील की दहावीला याचे गुण किती. खोटं आश्वासन देऊ नका. ज्यांना तेवढंच हवंय ती पोरं दिवाळीनंतर जातात, जाऊ द्या.

सुरुवातीला विकत काय घ्यायचं, असंही काहीजण विचारतात. गणवेशाची घाई करू नका, स्कार्फ दीक्षाविधीला, म्हणजे पोराला रीतसर पथकात घेतात तेव्हा, मिळाला तरच त्याची किंमत कळते. आधी प्रत्येकाला तीन मीटरचा सुती दोर द्या, बोटाएवढा जाड, नायलॉनचा नको, गाठ सरकते. दोन्ही टोकं दोऱ्यानं गुंडाळून बांधायला पहिल्याच दिवशी शिकवा, नाहीतर आठवड्यात दोराचा झाडू होतो. ताडपत्री शाळेकडून मागू नका आणि स्वतःही आणू नका. माझी ती अजून माझ्या घरी माळ्यावर आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही.