फरारी माणूस आणि फरारी काटणारा माणूस

एका ताईंचा प्रश्न आहे. माहेर पुण्याचं, सासर ग्वाल्हेरचं, तेही तिथल्या लष्कर नावाच्या भागातलं. सासरे गल्लीतल्या कुणाबद्दल बोलता बोलता म्हणाले, "तो तर दोन महिने झाले, फरारी काटतोय." ताईंना हसू आलं. फरारी म्हणजे पळालेला माणूस, तो काटायचा कसा? पुढे बाड्याकडे, म्हणजे तिथल्या मुख्य चौकाकडे, जाताना भिंतीवर फोटोसकट कागद दिसला, '१० हजार का इनामी बदमाश'. तेव्हापासून दुसरा प्रश्न डोक्यात आहे: असल्या कागदाला, आणि त्यावरच्या माणसाला, मराठीत म्हणायचं काय? 'वाँटेड'ला आपला शब्द आहे की नाही?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर शेवटच्या 'ई'मध्ये आहे. आपल्या बोलण्यात दोन 'ई' आहेत आणि दोन्ही फारसीतून आलेल्या. एक 'ई' नामाला लागून त्या नामाशी संबंध असलेला माणूस किंवा वस्तू दाखवते: सरकार–सरकारी, कैद–कैदी. दुसरी 'ई' विशेषणाला लागते आणि त्या अवस्थेचं नाव तयार करते: गरीब–गरिबी, गिरफ्तार–गिरफ्तारी. आता मूळ अरबी 'फिरार' म्हणजे पळणं, पलायन, म्हणजे नाम. त्याला पहिली 'ई' लावली की फरारी म्हणजे पळालेला, कैद–कैदीसारखंच. मराठीने हाच अर्थ धरला. हिंदीत 'फरार' हे मुख्यतः विशेषण म्हणून रुळलं ('आरोपी फरार है'), मग त्याला दुसरी 'ई' लागली आणि 'फरारी' म्हणजे फरार असण्याचा काळ, ती अवस्था झाली, गिरफ्तारीच्या चालीवर. आपला फरारी कैद्याच्या पंगतीत बसतो, हिंदीतली फरारी गिरफ्तारीच्या. म्हणून हिंदीत 'फरारी के दौरान' म्हणतात, 'फरारी काटी' म्हणतात. तुमच्या सासऱ्यांचं वाक्य व्याकरणाने अगदी ठीक आहे, फक्त ते हिंदीच्या व्याकरणाने ठीक आहे.

राहिलं 'काटणं'. मराठीत दिवस काढतात, कापत नाहीत आणि काटतही नाहीत. पण ग्वाल्हेरच्या मराठीत 'काटणं' इतकं मुरलंय की तिथे 'काढणं' म्हटलं तर ऐकणाऱ्याला कपाटातून काहीतरी बाहेर काढल्यासारखं वाटतं. घरात बोलताना मी ते बदलायच्या भानगडीत पडणार नाही. लिहायचं असेल तर 'फरार आहे' किंवा 'तो फरारी आहे', दोन्ही शुद्ध. 'फरारीत दिवस काढतोय' मात्र धेडगुजरी. त्यापेक्षा सासऱ्यांचं मूळ वाक्य बरं.

पळून जाण्याला मराठीत शब्दांचा तुटवडा नाही, आणि त्यांच्यात बारीक भेद आहेत ते सांभाळायला हवेत. चोरटे 'पसार' होतात ते त्या जागेवरून, त्या क्षणी. 'फरार' ही पुढची लांबणारी अवस्था. काल रात्री दुकान फोडून पळाले ते पसार झाले. सहा महिने पोलिसांना सापडत नाहीत ते फरार आहेत. 'काल रात्री फरार झाले' असं वर्तमानपत्रं सर्रास छापतात, मला ते खटकतं, पण माझ्या खटकण्याने काही थांबणार नाही. 'परागंदा' आणखी वेगळा. फारसीत त्याचा अर्थ विखुरलेला. मराठीत परागंदा होणाऱ्याने गुन्हा केलाच पाहिजे असं नाही, दुष्काळाने, कर्जाने, वतनाच्या भांडणाने घरदार सोडून गेलेलाही परागंदाच. आणि 'पोबारा' तर ग्वाल्हेरमध्ये जपून वापरा. सोंगट्यांच्या खेळातलं 'पौ बारा' आपण पळून जाण्याकडे वळवलं, हिंदीने ते भाग्य फळफळण्याकडे. शेजारच्या हिंदी काकूंना 'उनके तो पौ बारह हो गए' म्हणालात तर त्या अभिनंदन करायला जातील. 'पोलिसांच्या हातावर तुरी देऊन' हे तर भाषांतरात कुठेच नेता येत नाही, हिंदीत तिथे 'चकमा देकर' येतं आणि तुरी जातात.

कोण बोलतंय यावरही शब्द ठरतो. १९४२ साली जे कार्यकर्ते लपून काम करत होते ते आपल्या आठवणीत 'भूमिगत' आहेत; सरकारी दफ्तराच्या दृष्टीने तेच फरारी. चंबळच्या खोऱ्यात हीच ओढाताण 'डाकू' आणि 'बागी' यांत आहे. पोलीस आणि वर्तमानपत्रं 'डाकू', 'दस्यू' म्हणत. मानसिंग, मोहरसिंग, माधोसिंग, मलखानसिंग हे स्वतःला बागी म्हणवत, आणि भिंड-मुरैन्याची गावंही तेच म्हणत. बागी अरबी, अर्थ बंडखोर. उत्तर पेशवाईनंतर आपल्याकडे रामोशांच्या उठावांना 'बंड' म्हणत, ते याच जातीचं. तिकडचा 'पकड' शब्द मराठी माणसाला हमखास फसवतो. आपल्याला पकड म्हणजे सुताराचं हत्यार, नाहीतर पैलवानाची मिठी. चंबळमध्ये 'पकड़' म्हणजे खंडणीसाठी उचलून नेलेला माणूस. 'पकड छूट गई' म्हणजे घरी पेढे वाटायची वेळ.

आता तो भिंतीवरचा कागद. त्यातला 'इनामी' शब्द वाचून पुण्याच्या माणसाला हसू येणं साहजिक आहे, कारण मराठीत इनाम म्हटलं की आधी जमीन डोळ्यांपुढे येते. इनामी गाव, इनामी शेत, इनामदार. ज्या लष्करात शिंद्यांच्या पदरी असलेल्या सरदारांचे वाडे उभे राहिले, तिथल्या मराठी घरांत तर इनाम हा पणजोबांच्या कागदपत्रांतला, प्रतिष्ठेचा शब्द. त्याच शहरात 'इनामी' म्हणजे ज्याला पकडून दिलं की सरकार पैसे देतं तो. मोहरसिंगवर २ लाखांचं इनाम होतं, तेही १९७२च्या आधीच्या रुपयांत. गंमत म्हणजे दोन्ही अर्थ एकत्र आलेला एक जाहीरनामा आपल्या इतिहासात आहे: उमाजी नाईकांना पकडण्यासाठी इंग्रजांनी रोख बक्षिसाबरोबर जमिनीचंही आमिष दाखवलं होतं. वासुदेव बळवंत फडक्यांची कथा तर याहून झकास. सरकारने त्यांच्यावर बक्षीस लावलं, तर त्यांनी उलट गव्हर्नर रिचर्ड टेंपलच्या डोक्यावर बक्षीस लावलं. मराठीत या अर्थी 'बक्षीस' हाच शब्द चालत आलाय, तोच ठेवावा. 'इनामी गुंड' लिहिलंत तर नागपूर-पुण्याकडचा वाचक गुंडाला जमीन मिळाली असं समजेल.

त्या कागदावर फोटोखाली जे असतं, उंची, रंग, कपाळावरची खूण, त्याला हिंदीत 'हुलिया' म्हणतात. अरबीत या शब्दाचा एक अर्थ दागिना, दुसरा रूप. मराठीत 'वर्णन' हा सोयीचा शब्द झाला, पण 'चेहरेपट्टी' याच कामाचा होता आणि फार जिवंत होता. मोगली फौजेत शिपायाची भरती करताना त्याच्या चेहऱ्याच्या खुणा लिहून ठेवत, त्या नोंदीलाच 'चेहरा' म्हणत. घोड्यावर डाग, शिपायाचा चेहरा. हेतू एकच, एकाच्या जागी दुसरा उभा करू नये.

लिहिलेल्या चेहऱ्याने मात्र ग्वाल्हेरला एकदा मोठा घोळ घातला. नानासाहेब पेशव्यांना पकडण्यासाठी इंग्रजांनी १८५८ साली १ लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. नानासाहेब नेपाळच्या तराईत गेले, पुढे त्यांच्या मृत्यूच्या वार्ता आल्या, पण बक्षीस आणि वर्णन लोकांच्या डोक्यात राहिलं. इतकं की हिंदुस्थानभर वेगवेगळ्या ठिकाणी बैरागी आणि गोसावी 'नाना' म्हणून धरले जात. १८७४ साली जयाजीराव शिंद्यांनी ग्वाल्हेरमध्ये असाच एक माणूस पकडून इंग्रजांच्या हवाली केला. त्याला कानपूरला नेलं, नानासाहेबांना पूर्वी पाहिलेली माणसं ओळख पटवायला आणली, आणि शेवटी तो नाना नव्हे असं ठरलं. सोळा वर्षांनी माणसाचं वर्णन काय कामाचं? वजन उतरतं, दाढी वाढते, भस्म फासलं की कपाळावरची खूणही झाकते. त्याच्या नऊ वर्षं आधी, १८६५मध्ये, अमेरिकेत लिंकनचा खुनी बूथ याच्यासाठी निघालेल्या कागदावर तीन आरोपींचे खरे फोटो चिकटवले होते आणि बक्षिसाची एकूण रक्कम १ लाख डॉलर होती. फोटो होते, तरी हेरोल्ड नावाच्या साथीदाराचं नाव 'हॅरोल्ड' छापलं गेलं. आपल्याकडे शंभर वर्षांनंतरही फूलनदेवीला शोधणाऱ्या पोलिसांकडे तिचा धड फोटो नव्हता. १२ फेब्रुवारी १९८३ रोजी भिंडला तिने शस्त्रं ठेवली, तेव्हा जमलेल्या पुष्कळांना ही इतकीशी बाई म्हणजे फूलन यावर विश्वास बसेना.

कागदाचं नाव काय? हिंदीत 'इश्तहार'. ज्या अरबी धातूपासून 'मशहूर' आणि 'शोहरत' आले त्यापासूनच हा. पंजाबात आणि पाकिस्तानात घोषित फरारीला 'इश्तिहारी' म्हणतात, म्हणजे जाहिरातवाला. आपला 'जाहीरनामा' अर्थाने चपखल होता, पण तो राजकीय पक्षांनी पळवला. आता जाहीरनामा म्हटलं की मोफत वीज आठवते. शिवाय दोन वेगळ्या कागदांची गल्लत होते, ती टाळावी. एक पोलिसांचा, बक्षिसाचा. दुसरा न्यायालयाचा. वॉरंट निघूनही माणूस सापडत नसेल तर न्यायालय उद्घोषणा काढतं आणि हजर व्हायला कमीत कमी ३० दिवस देतं. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ८२ खाली होत असे, १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ८४ खाली होतं. त्या कलमात काय सांगितलंय ते पाहण्यासारखं आहे: माणूस राहतो त्या गावात किंवा शहरात ठळक जागी ती जाहीरपणे वाचायची, त्याच्या घराच्या दर्शनी भागावर चिकटवायची, आणि न्यायालयाच्या इमारतीवरही. म्हणजे आपली दवंडी, हिंदीची मुनादी, कायद्यात अजून शाबूत आहे.

'वाँटेड'ला शब्द आहे का? हिंदीने 'वांछित' केला. मराठी कानाला तो अशक्य. वांछित म्हणजे मनापासून हवं असलेलं. मनोवांछित फळाच्या शेजारी खिसेकापू कसा बसवणार? महाराष्ट्र पोलिसांनी मात्र साधा शब्द घेतला: 'पाहिजे आरोपी', 'पाहिजे असलेला आरोपी'. पुष्कळांना हे 'पाहिजेत: शिवणकाम येणाऱ्या महिला' या छोट्या जाहिरातीसारखं वाटून हसू येतं. मला हा शब्द फार आवडतो. 'पाहिजे' हे मुळात 'पाहणे' या क्रियापदाचंच कर्मणी रूप. पाहिलं जावं, शोधलं जावं, असा त्याचा जुना रोख. त्यातून 'हवं' हा अर्थ आला. फरारी माणूस कुणाला हवा असतो असं नाही, तो शोधायचा असतो. 'वाँटेड'पेक्षा 'पाहिजे' नेमका आहे. बाकी 'मोस्ट वाँटेड' आहे तसाच राहू द्या. अमेरिकेच्या एफबीआयने मार्च १९५०मध्ये दहा जणांची यादी सुरू केली आणि तो शब्द जगभर गेला. 'रेड कॉर्नर नोटीस'ही तशीच. इंटरपोलच्या लेखी ती नुसती रेड नोटीस, कोपऱ्यातल्या लाल चौकोनावरून आपण 'कॉर्नर' मधे घातला.

ताईंना ग्वाल्हेरच्या हिंदी वर्तमानपत्रात आणखी काही अडेल म्हणून सांगून ठेवतो. 'फरार वारंटी गिरफ्तार' वाचून फ्रिजची वॉरंटी आठवू नये. ज्याच्या नावे वॉरंट आहे तो वारंटी. 'जिलाबदर' म्हणजे आपला तडीपार. तड म्हणजे काठ, नदीच्या पलीकडे घालवलेला तो तडीपार. तो फरार नव्हे. उलट तो हद्दीबाहेर राहतो आहे तोवर कायदा पाळतो आहे. परत आला आणि लपला, की मग फरार. 'नामचीन' सर्वांत फसवा. हिंदीत शहरातले नामचीन डॉक्टर, नामचीन वकील असतात आणि तो गौरव असतो. मराठीत नामचीन फक्त गुंड. लष्करातल्या एखाद्या नामवंत सर्जनची ओळख मराठी मंडळाच्या व्यासपीठावर करून देताना हा शब्द तोंडात येऊ देऊ नका. 'बदमाश'चं उलट आहे: तिकडे ती पोलिसांच्या वहीतली पायरी आहे, आपल्याकडे आजी नातवालाही लाडाने म्हणते.

तेव्हा त्या भिंतीवरच्या ओळीचं मराठी असं करता येईल: 'पाहिजे. फरारी गुंड. पकडून देणाऱ्यास १० हजार रुपये बक्षीस.' हिंदीत एका ओळीत मावतं ते आपल्याकडे तीन तुकड्यांत पसरतं, पण वाचणाऱ्याला कुणाला शोधायचं आणि पैसे कुणाला मिळणार हे दोन्ही कळतं.