दम्याचा पंप (इन्हेलर) घेऊनही दम लागतोय?

औषधाला दोष देण्याआधी घ्यायची पद्धत तपासा. फवारा वेगाने सुटतो; थेट तोंडात मारला की बराचसा घशाच्या मागच्या भिंतीवर आदळून तिथेच चिकटतो. बारीक श्वासनलिकांपर्यंत पोचतात ते साधारण 1 ते 5 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण. म्हणून स्पेसर घ्याच, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसणारं प्लॅस्टिकचं नळकांडं; त्यात फवाऱ्याचा वेग मंदावतो.

पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, स्पेसरभोवती ओठ घट्ट मिटा, एकदाच दाबा आणि 4-5 सेकंद संथ आत ओढा. मग 10 सेकंद रोखा. दुसरा पफ अर्ध्या-एक मिनिटाने, पुन्हा हलवून. कॅप्सूल घालून पावडर ओढायच्या इन्हेलरचं मात्र उलटं, तिथे जोरात ओढायचं.

स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून निथळत ठेवा. फडक्याने पुसलात तर स्थिर वीज तयार होते आणि औषध प्लॅस्टिकलाच चिकटतं. (हे दुकानदार सहसा सांगत नाही.)

दिवाळीचा धूर, थंडीत पहाटे पर्वती चढणं, दोन्हींत श्वासनलिका आवळतात. बरं वाटतंय म्हणून रोजचा पंप मनाने सोडू नका. एक वाक्य सलग बोलता येईना, तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा.