एफटीपीला लॉगिन होतं, पण फोल्डरची यादी येत नाही. फायरवॉलमध्ये नेमके कोणते पोर्ट उघडायचे?

तुमचा पोर्ट २१ उघडा आहे, म्हणून लॉगिन होतंय. यादी मात्र २१ वरून येतच नाही. एफटीपीत कमांड एका कनेक्शनवरून जातात आणि डेटा दुसऱ्यावरून; फोल्डरची यादीसुद्धा डेटाच. हे दुसरं कनेक्शन कोण सुरू करतं, एवढाच एफटीपीच्या अ‍ॅक्टिव्ह आणि पासिव्ह या दोन पद्धतींमधला फरक.

अ‍ॅक्टिव्हमध्ये क्लायंट आपला पोर्ट कळवतो आणि सर्व्हर सहसा स्वतःच्या २० वरून तिकडे कनेक्ट करतो. सर्व्हरवर २१ इनबाउंड आणि २० वरून आउटबाउंड एवढं पुरतं. अडतं ते क्लायंटकडे: न मागता बाहेरून आलेलं कनेक्शन तिथला फायरवॉल आत घेत नाही. तो फायरवॉल तुमच्या हातात नसतो, म्हणून सरळ पासिव्हच लावा.

पासिव्हमध्ये सर्व्हर पोर्ट सांगतो आणि क्लायंट तिथे येतो. क्लायंटच्या लॉगमध्ये २२७ ची ओळ, म्हणजे सर्व्हरने पोर्ट कळवणारं उत्तर, शोधा. तिच्या कंसात असे सहा आकडे दिसतील:

२०३,०,११३,१०,११७,५८

पहिले चार म्हणजे आयपी. पोर्ट शेवटच्या दोनांतून निघतो: ११७ × २५६ + ५८ = ३००१०. हा पोर्ट बाहेरून उघडा आहे का, एवढंच बघायचं.

दर वेळी वेगळा पोर्ट येतो, म्हणून सर्व्हरच्या सेटिंगमध्ये पासिव्ह पोर्टची किमान आणि कमाल मर्यादा ठरवून टाका, समजा ३०००० ते ३०१००. हीच रेंज टीसीपीसाठी फायरवॉलमध्ये उघडा. क्लाउडवर सर्व्हर असेल तर तिथल्या सिक्युरिटी ग्रुपमध्येही (क्लाउडचा स्वतःचा फायरवॉल). हे हमखास राहून जातं. लिनक्स बाहेर जाणाऱ्या कनेक्शनसाठी सहसा ३२७६८ ते ६०९९९ वापरतं, म्हणून त्याच्या खालची रेंज बरी. चार-पाच पोर्टांवर भागवू नका, एकाच वेळी बरेच जण आले की ४२५ एरर (डेटा कनेक्शन उघडता येत नाही) सुरू होते.

सर्व्हर नॅटच्या मागे असेल, म्हणजे राउटर त्याचा आतला पत्ता बाहेरच्या पत्त्यात बदलत असेल, तर २२७ मध्ये १९२.१६८ वाला आतला पत्ता जातो. सर्व्हरच्या पासिव्ह अ‍ॅड्रेस सेटिंगमध्ये पब्लिक आयपी घाला आणि राउटरवर २१ सोबत अख्खी रेंज फॉरवर्ड करा. फाइलझिला हा क्लायंट असा चुकीचा पत्ता स्वतःच सुधारून घेतो, त्यामुळे 'माझ्याकडे तर चालतंय' यावर जाऊ नका. तपासायचं ते बाहेरच्या नेटवर्कवरून, आणि दुसऱ्या क्लायंटनेही.

काही फायरवॉल २१ वरचा संवाद वाचून डेटा पोर्ट आपोआप उघडतात. त्यावर विसंबू नका. टीएलएस (कनेक्शन सुरक्षित करणारी पद्धत) चालू केलं की संवाद एन्क्रिप्ट होतो, फायरवॉलला काही दिसत नाही आणि कालपर्यंत चालणारी यादी आज अडकते. ठरावीक रेंज उघडी असेल तर टीएलएसनेही काही बिघडत नाही.

एवढं करूनही अडलं तर २२७ नंतर काय होतं ते पाहा. बराच वेळ थांबून टाइमआउट आला, तर बहुधा फायरवॉल पॅकेट गिळतोय किंवा पत्ता चुकलाय. लगेच 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं, तर बहुधा फॉरवर्डिंग भलत्याच मशीनकडे चाललंय.