जुन्या पॉलिमरांचे नवे मिश्रण आणि पेटंट

प्रश्न : इंकजेट छपाईच्या कागदासाठी आम्ही पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन आणि थोडे धनभारित पॉलिमर यांचा लेप तयार केला आहे. शाई लवकर सुकते आणि पसरत नाही. तिन्ही घटक बाजारात सहज मिळतात. अशा मिश्रणाला पेटंट मिळेल का?

उत्तर : घटक जुने आहेत एवढ्यावरून पेटंट नाकारले जात नाही, परंतु पत्रात लिहिले आहे तेवढ्या बळावर ते मिळणेही कठीण आहे. पहिले दोन पॉलिमर शाई शोषणाऱ्या लेपात एकत्र वापरल्याचे जुन्या पेटंटांत आधीच नमूद आहे, आणि शाईतला ऋणभारित डाय (रंग) धनभारित पॉलिमरला चिकटून जागीच राहतो, हे या क्षेत्रातल्या कोणाही जाणकाराला ठाऊक असते. प्रत्येक घटकाने आपापले नेहमीचेच काम केले, असा आक्षेप परीक्षक हमखास घेईल. भारतीय पेटंट कायदा, १९७० याच्या कलम ३(ई) नुसार घटकांच्या गुणांची नुसती बेरीज करणारे मिश्रण शोध ठरत नाही. अन्य देशांत हाच मुद्दा ‘जाणकाराला सहज सुचले असते का’ या कसोटीतून पुढे येतो.

म्हणून सगळी भिस्त आकडेवारीवर आहे. दोन मुख्य पॉलिमरांचे प्रमाण टप्प्याटप्प्याने बदलून सुकण्याचा वेळ आलेखावर मांडावा. मिश्रणाचे बिंदू दोन टोकांना जोडणाऱ्या सरळ रेषेवरच पडले, तर ती बेरीज झाली. एखाद्या प्रमाणात मिश्रण दोन्ही टोकांपेक्षा सरस ठरले, तर बाजू मांडण्याजोगे काहीतरी हाती लागले. लेपाचे वजन, मूळ कागद, शाई आणि हवेतील आर्द्रता सर्व चाचण्यांत सारखीच हवी, कारण पॉलिव्हिनाइल पायरोलिडोनचा लेप दमट हवेत ओलावा ओढून चिकट होतो. तुलनाही सर्वांत जवळच्या ज्ञात लेपाशी करावी. साध्या कागदाशी केलेली तुलना दिसायला झोकदार असली तरी परीक्षकापुढे तिचा उपयोग नाही.

पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची जातही तपासा. सुमारे ८८ टक्के आणि ९८ टक्क्यांहून अधिक जलविच्छेदित (तयार करताना मूळ पॉलिमरचे अॅसिटेट गट तेवढ्या प्रमाणात काढून टाकलेले) प्रकार पाण्यात सारखे वागत नाहीत. परिणाम एकाच प्रकारात दिसत असेल, तर दावाही (अर्जात मागितलेल्या हक्काची व्याप्ती) तेवढ्यापुरताच लिहावा. तो अरुंद होईल, पण टिकेल.

अर्ज दाखल होण्यापूर्वी गुप्ततेच्या कराराशिवाय कोणालाही नमुने देऊ नका. शोध स्वतःच उघड केला, तरी त्यानंतर अर्ज करण्यासाठी अमेरिकेत एक वर्षाची सवलत आहे, युरोपात तशी सर्वसाधारण सवलत नाही.