न्यू जर्सीच्या अंगणातील पहिला बर्च

पांढऱ्याशुभ्र खोडाच्या मोहाने हिमालयीन बर्च, म्हणजेच आपला भूर्ज, लावण्याचा तुमचा विचार समजण्यासारखा आहे. परंतु न्यू जर्सीच्या उष्ण, दमट उन्हाळ्यासाठी पहिले झाड म्हणून मी तो सुचवणार नाही. थंड हवेतला हा वृक्ष तेथे उष्णतेने आणि पाण्याच्या ताणाने अशक्त होतो आणि अशा झाडाला ब्राँझ बर्च बोरर ही कीड गाठते. तिच्या अळ्या सालीखाली पोखरत जातात, शेंडा वाळतो, आणि ते लक्षात येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. युरोपीय सिल्व्हर बर्चचीही तीच गत.

त्याऐवजी रिव्हर बर्चचा ‘हेरिटेज’ हा वाण निःशंकपणे घ्या. त्याची फिकट, गुलाबीसर साल कागदासारखी सुटते (मला तर हिवाळ्यात तीच अधिक देखणी वाटते), तो उष्णता सोसतो आणि या किडीला सहसा दाद देत नाही. मात्र तो 40 फुटांहून उंच जातो, म्हणून अंगण लहान असल्यास ‘फॉक्स व्हॅली’ हा बुटका वाण पाहा.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका अशा:

- मातीचा सामू (pH, म्हणजे मातीची आम्लता) न तपासणे. तो 6.5 च्या वर गेल्यास लोहाच्या अभावाने पाने पिवळी पडतात.
- बर्चची उथळ मुळे लवकर सुकतात, तरीही पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत नुसते वरवर पाणी शिंपडणे. आठवड्यातून एकदा खोलवर मुरेल असे पाणी द्या.
- पालापाचोळ्याचे आच्छादन बुंध्याला टेकवणे.

छाटणीचा विचार सध्या नको.